जात कुत्र्याची, जबाबदारी कुणाची?

वरसे गावात हल्ली बंगल्याबंगल्यावर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी दिसते. आता आमच्या पुतण्यालाही रॉटवायलर हवाय!

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालायचं परिपत्रक काढलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मला विचाराल तर जबडा मोठा तशी जखम मोठी, हे खरंच. पण दिवसभर साखळीला बांधलेलं, माणसांची सवय नसलेलं गावठी कुत्रंही चावतंच की!

मुंबईत २०१० साली एक रॉटवायलर एका वृद्ध गृहस्थांना चावला. २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली, ती मालकाला.

तेव्हा बाळा, आधी सांग... तू पुण्याला शिकायला गेलास की त्याला रोज फिरवणार कोण? सत्तरीतली तुझी आजी?