चोरखिसा

आमच्या मायनं बाबांच्या बंडीला आतून एक खिसा शिवला होता. वरून पाहिलं तं दिसायचा नाही. त्याला म्हणायचे चोरखिसा. चोरापासून पैसे वाचवायचे अन् नाव मात्र चोराचं, हे काही मला कळेना. मायला विचारलं तं ती म्हणे, "चोराचा नाही रे, चोरून ठेवाचा."

1973 ची आषाढी होती. 1972 च्या दुष्काळात बाबांनी नवस बोलला होता, पाणी पडलं तं पंढरपूरले येईन. पाणी पडलं, सरकी टोबून झाली, अन् बाबा मला घेऊन निघाले. मी तेव्हा बारा वर्षांचा. दर्यापूरहून आमच्या शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं भुसावळ, मनमाड, दौंड करत कुर्डुवाडी. कुर्डुवाडीहून पंढरपूरला तेव्हा छोटी लाइन होती, बार्शी लाइट म्हणत तिला. शकुंतलेची बहीणच ती. तशीच डुलत चालायची, तसाच धूर सोडायची. डब्यात पाय ठेवायला जागा नाही, अन् माणसं मात्र भजन म्हणून रायलेली.

चोरखिशात दीडशे रुपये होते. दुष्काळी कामावर दोन-तीन रुपये रोज पडे, त्यावरून दीडशे म्हणजे किती ते समजून घ्या. सारे आमचेही नव्हते. शेजारणीनं अभिषेकाचे पाच दिले होते, कोणी तुळशीच्या माळेचे दिले होते.

आता बाबा काय करत होते ते सांगतो. ते दर दहा मिनिटांनी छातीवर हात ठेवत. गाडी थांबली की हात, कोणाचा धक्का लागला की हात, कोणी "माउली" म्हणून पाया पडलं की पुन्हा हात. मले वाटे बाबा लय हुशार. पुढं कितीतरी वर्षांनी समजलं की खिसेकापू त्याच हाताची वाट पाहत असतो. गर्दीत कोणाकडं पैसे आहेत अन् कोठी आहेत, हे त्याला दुसरं कोण सांगणार?

महाद्वारात गर्दी दाटली होती. आमच्या पुढं एक म्हातारा एकदम खाली बसला. "पडला, पडला, उचला" असा गलका झाला. बाबा वाकले. दोघं-तिघं मागून वाकले. म्हातारा उठला, टोपी झटकली अन् निघून गेला. घाटावर येऊन बाबांनी छातीवर हात ठेवला तो तसाच राहिला. बंडी पात्यानं कापली होती, सरळ रेषेत. आतल्या कातडीला ओरखडाही नव्हता. एवढं सफाईचं काम मी नंतर चांगल्या शिंप्याचंही पाहिलं नाही.

परतीचं तिकीट टोपीच्या घडीत होतं म्हणून घरी आलो. दोन दिवस एका दिंडीच्या पंगतीत जेवलो. बाबांनी पोलिसाला सांगितलं नाही, दिंडीवाल्यांनाही सांगितलं नाही. गाडीत मला एवढंच म्हणाले, "घरी सांगजो नोको."

गावात आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय केलं? बाबा म्हणाले, सारं विठोबाले वाहून आलो. झालं! गावभर नाव निघालं. लोक बाबांच्या पाया पडायला आले. मी ओसरीत बसून पाहत होतो. मायनं बंडी धुवायला घेतली, तिला फाट दिसली. तिनं ती रफू केली अन् तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या आषाढीला गावातले दोघं गेले. ते परत आले अन् पारावर सांगू लागले, महाद्वारात एक म्हातारा पडला, आम्ही उचलाले गेलो, अन् खिसा साफ. बाबा तिथंच बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, चिलीम झाडली अन् वावरात निघून गेले. त्या दोघांपैकी एकानं बैल घ्यायला ठेवलेले पैसे नेले होते. ही गोष्ट बाबा असेपर्यंत मी कोणाला सांगितली नाही.

मी 1977 साली दहावी पास झालो अन् शेतीत लागलो. दहावी पास माणसाला गावात जरा मान असतो. कागद वाचून दे, अर्ज लिहून दे, लोक येतात. त्यामुळं आपल्याला कोणी फसवणार नाही असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आमची मंडळी चौथी शिकली. पण तिचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेली होती. गल्लीत दोन माणसं आडवी आली. कपडे साधे, पण खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. "मावशी, आम्ही पोलीस आहोत. पुढं चोरी झाली. अंगावरचे दागिने काढून या कागदात बांधा अन् पिशवीत ठेवा." अशी पुडी बांधून देतात अन् त्यातच हातचलाखी करतात. घरी येऊन उघडावं तं आत गोटे. कितीतरी बायांच्या पोती अशा गेल्या. आमची मंडळी मोठ्यानं म्हणाली, "पोलीस हायेस ना? मंग चाल ठाण्यात, तिथंच काढून देतो सारं." इतक्या मोठ्यानं म्हणाली की फुलवाले पाहायला लागले, अन् दोघं गेले पळून. ही गोष्ट तिनं एसटीत सांगितली, विहिरीवर सांगितली, तेराव्याला गेली तिथंही सांगितली. ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो.

2024 च्या एप्रिलात तिच्या मनात केदारनाथ आलं. तिचे गुडघे गेलेले. गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरचा चढ तिच्यानं होणार नाही, अन् घोड्यावर बसायची तिला भीती. म्हटलं हेलिकॉप्टरनं नेतो. आयुष्यभर तिला शेगाव अन् पंढरपूर याच्यापुढं नेलं नव्हतं.

मोबाइलमध्ये बोलून शोधलं. सर्वांत वर जे आलं ते उघडलं. मंदिराचा फोटो, हेलिकॉप्टरचा फोटो, वर सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी. नंबर लावला. पलीकडचा पोरगा मोठा गोड, "अंकलजी, अंकलजी" करे. आधार कार्डाचे फोटो मागवले. दोघांचे अकरा हजार आठशे पाठवले. मग म्हणे विम्याचे नऊ हजार, परत मिळणारे. तेही पाठवले. तिसऱ्यांदा कराचे मागितले तेव्हा पोटात गोळा आला. मी नाही म्हटलं, तं तिकडून फोनच बंद. वीस हजार आठशे रुपये! त्या साली जवळपास तीन क्विंटल कापसाचे.

अन् मी काय केलं? गप्प बसलो. बायकोला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. दोन दिवस वावरात जाऊन बसलो. लोक काय म्हणतील, दहावी पास अन् अर्ज लिहून देणारा! तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अवो, तिकळे थंडी असते म्हणे, दोन सेटर घेऊ का?" तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. ती ऐकून घेत होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दोन रोज झाले? मले त्याच रोजी काहून नाही सांगतलं?"

पुतण्या अकोल्याला असतो. त्यानं 1930 ला फोन लावला, अन् मला पोलिसात नेलं. तिथला पोरगा नातवाच्या वयाचा. त्यानं समजावून सांगितलं. 1930 वर तक्रार नोंदली की ती बँकांकडं जाते अन् पैसा ज्या खात्यात असेल तिथं रोखून धरता येतो. पण चोर बसून राहत नाहीत. या खात्यातून त्या खात्यात करत ते पैसा फिरवतात अन् एटीएममधून काढून घेतात. "काका, पहिल्या तासाभरात फोन केला असता तं काहीतरी हाती लागलं असतं." मग विचारलं, "यात्रेचा नोंदणी नंबर मागितला होता काय त्यानं?" नव्हता मागितला. चारधामची नोंदणी केल्याशिवाय ते तिकीट निघतच नाही, अन् 2023 पासून ते फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरच मिळतं. मला पुसणारा एक माणूस भेटला असता तं हे आधीच समजलं असतं, पण मी कोणाला पुसलंच नाही. दहावी पास!

पुढच्या एप्रिलात केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं याच गोष्टीचा इशारा काढला, केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या खोल्या, गाड्या, साऱ्याची खोटी बुकिंगं चालू आहेत म्हणून. पुतण्यानं तो वाचून दाखवला. आपण एकटेच येडे नाही, हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अकोल्याहून आलो त्या संध्याकाळी मी पारावर गेलो अन् सगळं सांगितलं, रकमेसकट. पहिल्यांदा दोघं हसले. मग एक रिटायर्ड मास्तर खाली पाहून म्हणाले, "मले मॅसेज आल्ता, आज रात्री साडेनऊले लाइट कापतो. मी त्या नंबरवर फोन केला." किती गेले? चाळीस हजार. किती दिवस झाले? दीड वर्ष. घरी माहीत नव्हतं. अजून एक जण बोलला, मग अजून एक. अंधार पडला तरी कोणी उठेना. त्या रात्री घरी येऊन मी मंडळीला बाबांच्या बंडीचीही गोष्ट सांगितली.

आमचं केदारनाथ काही झालं नाही. पैसे आले नाहीत. 2025 च्या आषाढीला नवी अमरावतीहून पंढरपूरची खास गाडी सुटते, तिच्यात मूर्तिजापूरला चढलो. आता छोटी लाइन राहिली नाही, गाडी थेट जाते. मंडळीनं पैशाची वाटणी केली होती. थोडे तिच्या कमरेच्या बटव्यात, थोडे माझ्या पायजम्याच्या आतल्या खिशात, वरच्या खिशात फक्त चहाचे. मोबाइलच्या खात्यात पाचशेच रुपये ठेवले, बाकीचे दुसऱ्या खात्यात. गाडीत एका भल्या दिसणाऱ्या माणसानं बिस्किटं पुढं केली. ती म्हणाली, "आज आमचा उपास हाय." एवढं बोलून तिनं खिडकीकडं तोंड केलं.

महाद्वारात तशीच गर्दी. कुठं कोणी पडलं नाही, पण माझी नजर मात्र पायांकडं. तेवढ्यात मंडळीनं मला कोपर मारलं.

"मामाजीवानी नोका करू. काढा हात."

माझा हात कमरेच्या आतल्या खिशावर होता. केव्हा गेला ते मला समजलं नाही. मी काढला. पुढं दहा पावलांवर तो पुन्हा तिथंच गेला होता.