चारचा आकडा आणि सातशे शहाऐंशी

सोलला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तीननंतर चार नव्हताच, 'एफ' होता. कोरियनमध्ये चारला 'सा' म्हणतात आणि मृत्यूच्या अक्षराचा उच्चारही 'सा'च, म्हणून आकडाच हद्दपार!

घरमालकीण आजींनी बजावलं, बंद खोलीत पंखा लावून झोपू नकोस, माणूस मरतो. आम्ही कोकणातली माणसं, जन्म पंख्याखाली गेलेला. मला हसू आलं.

एकदा माझ्या पाकिटातली ७८६ आकड्याची नोट त्यांना दिसली. मी सांगितलं, अबजद पद्धतीने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. कुरआन-हदीसमध्ये याला आधार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण नोट अम्मीने निघताना दिलेली, मोडवत नाही. आजींनी ती दोन्ही हातांनी परत केली.

त्या रात्री पंखा लावला, खिडकी मात्र बोटभर उघडी ठेवली.