आईचा आवाज

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. थायरॉईड तिचे नाव. आमच्या आईची ही ग्रंथी गाठीमुळे संपूर्ण काढावी लागेल असे ठरले, तेव्हा आम्हा भावंडांना धास्ती होती तिच्या जिवाची. तिला मात्र आवाजाची. चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गाऊन तिने तीस वर्षे काढली होती. ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाला, दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून मिळणारा आशीर्वाद तिने घेतला. लहानपणी आम्हाला तो माशाच्या काट्यापुरताच वाटे!

तिची चिंता अनाठायी नव्हती. स्वरतंतू हलविणारा मज्जातंतू याच ग्रंथीच्या मागून जातो. त्याला इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. दुसरा एक बारीक मज्जातंतू वरचे स्वर सांभाळतो. त्याची उणीव बोलणाऱ्याला क्वचितच जाणवते, गाणाऱ्याला लगेच.

पहिली रात्र परिचारिका तिच्या मानेवर नजर ठेवून होत्या, कारण आत रक्त साकळले तर श्वास कोंडतो. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती व बोटांना मुंग्या आल्या. थायरॉईडच्या पाठीशी असलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या की रक्तातील कॅल्शियम उतरते. कॅल्शियम देताच मुंग्या थांबल्या.

ही शस्त्रक्रिया सुरक्षित करण्यात बर्नच्या थिओडोर कोखर यांचा वाटा मोठा. संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुस्त व मंद होत जातात, हे त्यांनीच १८८३ साली जाहीर केले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हाला त्यांची ती कबुलीच अधिक थोर वाटते.

आज ती उणीव एक गोळी भरून काढते, पण जन्मभर. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची; चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम चार तासांनी. मिस्सापूर्वी ही गोळी चालेल का, असे शेजारच्या आजींनी विचारले. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास एका तासाचा असतो आणि पाणी व औषध यांनी तो मोडत नाही.

जखम पंधरवड्यात भरली. लोकांना वाटले, संपले सारे. आवाज मात्र दुपारपर्यंत थकून जाई. पाच महिन्यांनी आई गायनवृंदात परतली, पण मागच्या रांगेत, खालच्या स्वरांत. तिची जागा आता एका शाळकरी मुलीकडे आहे. श्वास कुठे घ्यायचा, ते आई तिला शनिवारी शिकवते.