‘चूक’ नावाची क्रियापदं

टॉमस हार्डीच्या कादंबऱ्या शिकवताना मी गावकऱ्यांचे संवाद वर्गात मोठ्यानं वाचून घेते. ‘आय बी’, ‘ही डू गो’, ‘आय नोड’ अशी क्रियापदं आली की मुलं त्यांच्याखाली रेघ मारतात, व्याकरणाची चूक म्हणून. त्या रेघा खोडायला लावणं हा माझ्या तासाचा सर्वांत आवडता भाग.

‘ही डू गो’चंच बघा. डॉर्सेटमधलं हे ‘डू’ जोर देण्यासाठी नसतं, ते उच्चारतातही ओझरतं. ते सवय सांगतं. माणूस एकदाच बाजाराला गेला तर ‘वेंट’. दर आठवड्याला जायचा, तर ‘डिड गो’. ‘गेला’ आणि ‘जायचा’ यांत आपण कधी गल्लत करत नाही, त्यामुळे मराठी मुलांना हे चटकन उमगतं. प्रमाण इंग्रजीत दोन्हीकडे ‘वेंट’ खपून जातं. ज्याला अडाणी ठरवलं, त्याच्याच बोलण्यात हा भेद जास्त चोख!

‘नोड’ची गोष्टही तशीच. ‘हेल्प’चा जुना भूतकाळ ‘होल्प’. तो शेक्सपिअरमध्ये सापडतो आणि बोलींनी पुढेही जपला. प्रमाण भाषेनं त्याला ‘एड’ लावून ‘हेल्प्ड’ केलं, ते शुद्ध. खेडुतानं ‘नो’ला तोच प्रत्यय लावला, की हसू. हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

विल्यम बार्न्सनं १८४४ साली डॉर्सेट बोलीतल्या कवितांचं पुस्तक काढलं, पुढे त्या बोलीचं व्याकरणही लिहिलं. डॉर्चेस्टरला वास्तुविशारदाकडे उमेदवारी करणारा तरुण हार्डी व्याकरणाच्या शंका घेऊन शेजारच्या बार्न्सच्या शाळेत जायचा. १९०८ साली त्यानंच बार्न्सच्या निवडक कवितांचं संपादन केलं. कादंबऱ्यांत मात्र त्यानं बोली बेतानं वापरली. ‘टेस’मधली आई बोलीतच बोलते, शाळा शिकलेली टेस घरात एक भाषा बोलते, शिकल्यासवरल्यांशी दुसरी. कुणाशी बोलताना तिचं क्रियापद कसं बदलतं, तिथे मी मुलांना थांबवते. तिचं दोन जगांत विभागलेलं असणं मला तिथे ऐकू येतं.

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मधल्या जोसेफची यॉर्कशर बोली १८५०च्या आवृत्तीत तिची बहीण शार्लट हिनं सौम्य केली, दक्षिणेकडच्या वाचकांना कळावी म्हणून. शार्लटची काळजी समजते. तरी मी १८४७चाच पाठ लावते. जोसेफ कुणासाठी सोपं बोलणाऱ्यातला नाहीच. एका तासात त्याचं अर्धं पान झालं तरी चालेल, पण ते मुलांनी तोंडानं म्हणून बघावं, अडखळत का होईना.