आमची पार्टी, जनरेटर आणि ‘दारू चढलेला’ मित्र

मागच्या आठवड्यात एक तरुण पेशंट रक्तदाब तपासून घेताना म्हणाला, “डॉक्टर, शनिवारी मित्राच्या शेतावर पार्टी आहे. साउंड, लाइट, सगळं आम्हीच करतोय.” त्याचा उत्साह बघून मला 2003 साल आठवलं. मी त्याला काही प्रश्न विचारले. ते प्रश्न मी का विचारले, हे तुम्हालाही सांगायला हवं. त्यासाठी मला माझी एक चूक कबूल करावी लागेल.

तेव्हा मी पुण्यात इंटर्नशिप करत होतो. आमच्यातले दोघं गोव्याला हणजुण्याला जाऊन पौर्णिमेची पार्टी बघून आले होते. उघड्यावर रात्रभर संगीत आणि नाच! आपणही असं काही करू, असं त्यांनी डोक्यात घेतलं. रेव्ह पार्टी म्हटलं की आपल्याला पेपरातल्या अमली पदार्थांच्या बातम्या आठवतात. मुळात इंग्लंडमध्ये तरुण मुलं माळावर नाहीतर रिकाम्या गोदामात स्वतःच स्पीकर रचायची आणि पहाटेपर्यंत नाचायची. 1992 च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टन नावाच्या गायरानात अशी हजारो माणसं जमली आणि आठवडाभर हललीच नाहीत. पुढे 1994 साली तिथे अशा मेळाव्यांवर कायदा आला. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे होतं मुळशीतलं एका मित्राच्या काकांचं शेत आणि प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणी.

ऑक्टोबरचे दिवस होते. गावात लोडशेडिंग, म्हणून मंडपवाल्याकडून पेट्रोलवर चालणारा जनरेटर आणला. स्पीकर टेम्पोतून आले, त्यातला एक वाटेत ओढ्याजवळ पडला. वायरी कमी पडल्या तेव्हा जोड देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. आठ वाजता सुरू होणारी पार्टी साडेदहाला सुरू झाली. कॅसेट अडकली, लाइट गेले, पुन्हा आले. तरी खरं सांगतो, तशी मजा नंतर फार वेळा आली नाही.

अकराच्या सुमारास परतीचा पाऊस आला. जनरेटर भिजू नये म्हणून आम्ही चौघांनी तो उचलून विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत ठेवला. त्याची घरघर गाण्यात येत होती, म्हणून दारही लोटून घेतलं. एक मित्र म्हणाला, “मी इथंच बसतो, पेट्रोल संपलं की भरतो.” तो शांत मुलगा होता, नाचायला त्याला संकोच वाटायचा.

दीड वाजता मी डोकावलो. तो पोत्यावर आडवा पडला होता. हाक मारली तर काहीतरी पुटपुटला. कोपऱ्यात उलटी झालेली दिसली. मी हसलो आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, “याला चढली आहे, झोपू दे.” दार पुन्हा लोटलं.

तिथे आम्ही पंधराजण होतो, सगळेच डॉक्टर होऊ घातलेले. एकालाही काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते शेताच्या राखणदार मामांना. पंधरा मिनिटांनी ते मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले. “डॉक्टर, ह्यो काय प्यायल्याला न्हाय. माझ्यासंगं फकस्त चा घेतलाय त्यानं. खोलीत धूर कोंडलाय. आधी भायेर काढा पोराला.”

तो दारूला कधीच शिवत नव्हता. हे मला माहीत होतं आणि तरीही मला ते आठवलं नव्हतं.

नेमकं काय झालं होतं?

पेट्रोल, डिझेल, कोळसा किंवा गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो इतर गोष्टींचा, आणि थोड्या वेळाने नाकाला त्याचीही सवय होते.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे एसटी बस समजा. फुप्फुसाच्या थांब्यावर ऑक्सिजन बसतो आणि मेंदू, हृदय अशा गावी उतरतो. कार्बन मोनॉक्साइड हा असा प्रवासी आहे, की तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक चिकटपणे सीट धरतो आणि लवकर उतरत नाही. बस भरलेली दिसते, पण ऑक्सिजन गावी पोचतच नाही.

मग सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. पुढे बोलणं अडखळतं, तोल जातो, गुंगी येते. ही लक्षणं दारूच्या नशेसारखीच दिसतात. पार्टीत तर कुणाला शंकाही येत नाही.

आम्ही त्याला उचलून मोकळ्यावर आणलं, जनरेटर बंद केला आणि जीपमधून जवळच्या छोट्या रुग्णालयात नेलं. तिथे बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, आकडा आला 98. मी सुटकेचा श्वास सोडला. तिथले वयस्कर डॉक्टर म्हणाले, “त्या आकड्यावर जाऊ नका.” साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो. सीट भरली आहे एवढंच त्याला कळतं, सीटवर कोण बसलंय ते कळत नाही. अशा वेळी आकडा खोटा धीर देतो. नक्की निदान रक्ताच्या तपासणीने होतं.

त्यांनी घट्ट मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. पहाटे त्याने डोळे नीट उघडले आणि विचारलं, “पेट्रोल भरलं का कुणी?” आम्ही हसलो नाही. पुढचे काही आठवडे तो साध्या गोष्टी विसरायचा. या विषबाधेनंतर असा त्रास उशिराही दिसू शकतो, म्हणून बरं वाटलं तरी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. तो पूर्ण बरा झाला, हे आमचं नशीब.

त्याला वाचवणाऱ्या माणसाकडे पदवी नव्हती. त्याने फक्त नीट पाहिलं होतं. मी मात्र मला जे दिसेल असं वाटत होतं, तेच पाहिलं.

तुम्ही काय कराल?

शेतावरची पार्टी असो, हळदीचा डीजे असो की गणपतीचा मांडव, एवढं पाळा:

1. जनरेटर कायम उघड्यावर, माणसांपासून आणि दार-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब ठेवा. खोलीत, गॅरेजमध्ये, बंदिस्त मांडवात कधीच नको. दार-खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. पावसाची भीती असेल तर चारी बाजूंनी मोकळी शेड आधीच बांधा.
2. ओल्या जमिनीवर वायरचे जोड नकोत. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.
3. कुणी गुंगीत दिसला तर “झोपू दे” म्हणू नका. हलवून उठवा. नीट उत्तर देत नसेल तर मोकळ्या हवेत आणा, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. बंद खोलीतून काढताना आधी दार उघडा, आत रेंगाळू नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.
4. डॉक्टरांना ‘जनरेटरच्या खोलीत होता’ हे आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर निदान चुकू शकतं.
5. कानांनाही जपा. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. स्पीकरपासून लांब उभे राहा, इअरप्लग वापरा. त्या रात्रीनंतर माझे कान दोन दिवस गुणगुणत होते.

हाच वायू घरातही असतो. बाथरूममधला गॅस गिझर, थंडीत बंद खोलीत ठेवलेली शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, सगळीकडे धोका तोच. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर आधी हाच संशय घ्या.

पेशंटने सगळं ऐकून विचारलं, “म्हणजे पार्टी करू नको?” मी म्हटलं, जरूर कर. रात्रभर नाच. फक्त जनरेटर कुठे ठेवणार ते आत्ताच ठरव, आणि पाऊस आला तरी तो निर्णय बदलू नकोस.