पंचहौदचा चहा

रहाटणी, रविवार

चि. समीर यास,


बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी चाकणहून पुण्यातली गुरुवार पेठ गाठायची कशाला, असं तू फोनवर म्हणालास. आमच्या रहाटणी-काळेवाडीकडे हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये मनापासून उपासना चालते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय हे आपलं कॅथीड्रल. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि कागदोपत्री आपण अँग्लिकन उरलो नाही. सवयी गेल्या नाहीत, एवढंच.

१८८५ चं, काउली फादर या अँग्लिकन मिशनऱ्यांच्या काळातलं हे देवालय. मनोऱ्यातल्या आठ घंटा इंग्लंडात लफबरोला ओतलेल्या. नुसते टोल द्यायचे नसतात; दोर ओढून अख्खी घंटा फिरवायची, आठ जणांनी आठ दोर सांभाळायचे आणि वाजण्याचा क्रम सारखा बदलत न्यायचा. एकाचा हात चुकला की सगळ्यांची फजिती. भारतात ही विद्या फार थोड्या जागी पाहायला मिळते.

बाहेरच्यांना मात्र पंचहौद म्हटलं की चहाच आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये इथल्या मिशनमध्ये कार्यक्रम झाला, नंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, ख्रिस्त्यांकडे चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कोणी प्याला, कोणी नुसता कप हातात धरला, याच्या कथा आजही रंगवून सांगतात. तो चहा ओतला कोणी, हे मी वाचलेल्या एकाही वर्णनात नाही. ज्यांच्या आवारात घोटभर चहा घेतल्यानं पुणं बाटलं, ती माणसं तिथेच राहत होती, पोरं शाळेत घालत होती, दर रविवारी मराठीत प्रार्थना म्हणत होती. आपण त्यांच्यातले. टिळक-रानड्यांचं इतिहासकार बघून घेतील. बाळाचं नाव या लोकांच्या नोंदवहीत लागावं, एवढाच माझा हट्ट.

शिफ्ट बघून तारीख ठरव, पाळकसाहेबांशी आधी बोल. धर्ममाता-धर्मपित्यांची नावंही लागतील. पिंपरीहून मेट्रोनं मंडईला उतरा, पुढे रिक्षा. उपासना संपल्या संपल्या पळू नकोस. सूनबाई तिथे कोणाला ओळखत नाही म्हणून बिचकते, पण महिला मंडळातल्या बायका आधी माहेर विचारतील, आणि तिनं नगर म्हटलं की नाती निघायला वेळ लागणार नाही.

तुझी,
आत्या