तुळशी पाइप रोडवरचं पारनेर

नगर-पुणे हमरस्त्यावर सुप्याच्या चौकातून एक रस्ता पारनेरकडे फुटतो. इथला पाऊस बेभरवशाचा. साल बुडालं की घरातलं एखादं माणूस मुंबई गाठायचं, असा हा मुलूख.

त्या मुंबईत दादरच्या फुलबाजारात पहाटे टेम्पो रिकामे होतात. झेंडूच्या राशी, शेवंतीच्या पाट्या, पायाखाली चिखल आणि पाकळ्यांचा लगदा. बाजाराला लागून जातो तो सेनापती बापट मार्ग. जुना मुंबईकर अजून तुळशी पाइप रोडच म्हणतो.

पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. जन्म १२ नोव्हेंबर १८८०. शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले इंजिनिअर व्हायला, आले ते बॉम्बची कृती घेऊन. काही काळ भूमिगत राहिले. पुढे हाच माणूस पारनेरात झाडू घेऊन गल्ल्या झाडू लागला, तेव्हा गावाला काय वाटलं असेल! १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणात मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती आणि त्या पाण्यावरची वीज जाणार होती मुंबईला. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केलं. तुरुंगवास झाला, धरण मात्र झालंच. त्यांचं देहावसान १९६७ साली मुंबईतच झालं. या शहराने त्यांचं नाव दिलं ते नेमकं गिरणगावातून, त्या विजेच्या गिऱ्हाइकांच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला. शहरं असले विनोद न हसता करतात.

याच दादरला पारनेर तालुक्यातलाच आणखी एक पोरगा फुलं विकत होता. राळेगणसिद्धीचा किसन बाबूराव हजारे. मुंबईत नातेवाइकांकडे राहून सातवीपर्यंत शिकला, मग फुलांच्या धंद्याला लागला. पुढे लष्करात ड्रायव्हर, १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर. १९७५ साली अण्णा होऊन गावी परतला. नालाबंदिस्ती, पाणलोट, दारूबंदी हे सारं त्यानंतरचं.

दिल्लीने ऑगस्ट २०११ मध्ये अण्णांसाठी रामलीला मैदान भरून टाकलं. डिसेंबरात ते वांद्रे-कुर्ला संकुलात उपोषणाला बसले, अंगात ताप घेऊन. मैदान बरंचसं रिकामं राहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी उपोषण सोडलं. मुंबई त्या दिवशीही कामावर गेली होती.